निवृत्त पार्टनरची पेन्शन: न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये कुठल्या ओळीवर?

अकाउंटिंग, वकिली, कन्सल्टिंग, डॉक्टरांचा ग्रुप अशा भागीदारी फर्ममधून निवृत्त झालेल्या पार्टनरला फर्मकडून दरमहा किंवा दर तिमाहीला जे पैसे येतात, त्यांना घरात सगळेच पेन्शन म्हणतात. आयआरएसचा, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय कर खात्याचा, कागद त्यांना पेन्शन म्हणत नाही. नोकरीतल्या पेन्शनरला जानेवारीत १०९९-आर, म्हणजे पेन्शनची रक्कम दाखवणारा फॉर्म, येतो. निवृत्त पार्टनरला येतो के-वन, म्हणजे भागीदारीतून मिळालेली रक्कम दाखवणारा फॉर्म, आणि तोही उशिरा. त्यात ही रक्कम ‘गॅरंटीड पेमेंट’ या नावाने असते, काम करणाऱ्या पार्टनरच्या मेहनतान्यासारखीच.

न्यू जर्सी राज्य मात्र याच रकमेला पेन्शन मानते. राज्याच्या रिटर्नमध्ये, म्हणजे एनजे-१०४० मध्ये, पेन्शनची ओळ २०ए आणि भागीदारीच्या उत्पन्नाची ओळ २१. रक्कम २०ए वर गेली तर बासष्टी ओलांडलेल्यांना मोठी सूट मिळते. २१ वर गेली तर ती सूट जाते आणि तिच्याबरोबर दुसरीही एक सूट हातची जाते. सॉफ्टवेअर बहुतेक वेळा रक्कम २१ वरच टाकते, कारण ते फेडरल रिटर्नवरून आकडे उचलते. एडिसन किंवा प्रिन्स्टनकडे राहून हडसन नदीपलीकडच्या, न्यूयॉर्कच्या फर्ममध्ये पार्टनर झालेल्या मराठी मंडळींपैकी अनेकजण आता निवृत्तीच्या वयात आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांचे रिटर्न भरणाऱ्या मुलामुलींसाठी हे सगळे क्रमाने मांडत आहोत.

पायरी १: पैसे नेमके कशाचे आहेत?

रिटर्न उघडण्याआधी पार्टनरशिप ॲग्रीमेंट आणि निवृत्तीच्या वेळी फर्मने दिलेले पत्र काढा. निवृत्त पार्टनरच्या हातात फर्मकडून चार प्रकारचे पैसे येऊ शकतात आणि प्रत्येकाची ओळ वेगळी असते.

पहिला प्रकार म्हणजे खरी भागीदारी पेन्शन. फर्मच्या लेखी योजनेनुसार, पूर्वी केलेल्या सेवेबद्दल ठरलेल्या सूत्राने मिळणारी रक्कम. तिच्यामागे सहसा वेगळा फंड नसतो, फर्म चालू उत्पन्नातूनच ती देते. फेडरल कायद्यात ती कलम ७३६(ए) खाली येते. हा लेख मुख्यतः हिच्याबद्दल आहे.

दुसरा प्रकार म्हणजे फर्ममधल्या तुमच्या हिश्श्याची किंमत, कलम ७३६(बी) खालची. भांडवल खात्यात अडकलेले पैसे फर्म हप्त्याहप्त्याने परत देते, तेव्हा ती पेन्शन नसते. स्वतःचेच भांडवल परत येते आहे आणि मूळ किमतीपेक्षा जास्त आले तर तेवढा नफा. काही फर्म पेन्शन आणि भांडवलाचा हप्ता एकाच दिवशी एकाच रकमेत खात्यात टाकतात. बँकेच्या स्टेटमेंटवरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. फर्मकडून लेखी फोड मागवून घ्यावी लागते.

याच्या जवळचीच एक गुंतागुंत आहे. सेवा देणाऱ्या फर्ममध्ये, जिथे भांडवलापेक्षा माणसांच्या कामातून उत्पन्न येते, तिथे जनरल पार्टनरला न वसूल झालेल्या फीच्या हिश्श्यापोटी दिलेली रक्कमही फेडरल कायद्यात ७३६(ए) मध्येच बसते. म्हणून ७३६(ए) दिसले की पेन्शन, असा सरळ हिशेब करू नका. जुन्या फीचा हिस्सा आणि निवृत्तीवेतन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तिसरा प्रकार कीओ किंवा ४०१(के) या निवृत्ती-बचत खात्यांमधून काढलेले पैसे. ते वित्तसंस्थेकडून येतात आणि त्यांना १०९९-आर असतो. यातली एक बाब पुष्कळांच्या नजरेतून सुटते. न्यू जर्सीने पार्टनरच्या वर्गणीपैकी फक्त ४०१(के) ला करातून वगळले, तेही १ जानेवारी १९८४ पासून. कीओतल्या वर्गणीवर राज्याने त्या त्या वर्षीच कर घेतलेला असतो. म्हणून कीओतून पैसे काढताना आपल्या जुन्या वर्गणीचा भाग करमुक्त ठरतो आणि ओळ २०बी वर जातो. जुनी रिटर्न जपून ठेवली असतील तर इथे त्यांचे मोल कळते.

चौथा प्रकार निवृत्तीनंतरच्या सल्लागारीचा. महिन्यातून चार दिवस फर्मसाठी काम करून घेतलेले पैसे पेन्शन नाहीत, मग फर्म त्यांना काहीही म्हणो. हे काम पार्टनर म्हणूनच चालू ठेवले असेल तर फेडरल बाजूलाही अडचण होते, ती पुढे सांगितली आहे.

पायरी २: फेडरल के-वन तपासा

फॉर्म १०६५ च्या के-वनमध्ये चौकट ४ए पाहा: सेवेसाठीची गॅरंटीड पेमेंट. पेन्शन साधारणपणे इथेच असते. फेडरल रिटर्नमध्ये ती शेड्यूल ई च्या दुसऱ्या पानावर जाते. फेडरलचे पेन्शनचे रकाने तिच्यासाठी नाहीत, त्यामुळे तिथे ती भरू नका.

आता चौकट १४ पाहा. तिथे कोड ए ला रक्कम असेल तर सॉफ्टवेअर सेल्फ-एम्प्लॉयमेंट कर, म्हणजे स्वतःच्या कामाच्या कमाईवरचा सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचा कर, लावेल. निवृत्त पार्टनरच्या पेन्शनला या करातून कलम १४०२(ए)(१०) ने सूट आहे, पण तिच्या अटी कडक आहेत. योजना लेखी हवी आणि ती सर्व पार्टनरना किंवा त्यांच्यातल्या एखाद्या वर्गाला लागू हवी. रक्कम ठरावीक काळाने, निदान पार्टनरच्या मृत्यूपर्यंत मिळत राहायला हवी. त्या वर्षात पार्टनरने फर्मसाठी काहीही सेवा दिलेली नसावी. फर्मचे वर्ष संपण्याआधी त्याचे भांडवल पूर्ण परत झालेले हवे. आणि निवृत्तीच्या रकमेशिवाय इतर पार्टनरकडून त्याला दुसरे काही येणे उरलेले नसावे.

अडचण बहुतेक दोन ठिकाणी येते. एक, निवृत्तीच्या पहिल्या वर्षी. मार्चमध्ये निवृत्त झालात म्हणजे त्या वर्षात काम केलेच आहे. दोन, भांडवलाचा शेवटचा हप्ता पुढच्या वर्षी मिळणार असेल तर. दोन्ही बाबतींत चौकट १४ मध्ये रक्कम आली तर ती फर्मची चूक नसते. त्याच्या पुढच्या वर्षीही ती तशीच आली, तर मात्र फर्मच्या कर विभागाला विचारायलाच हवे.

के-वनच्या ४ए मधला आकडा आणि तुमची वार्षिक पेन्शन जुळत नसेल तर गोंधळून जाऊ नका. फर्म तुमच्या आरोग्य विम्याचा हप्ता भरत असेल तर तोही गॅरंटीड पेमेंट धरला जातो आणि ४ए मध्ये मिसळतो. इथेही फोड मागा.

पायरी ३: एनजेके-वनची ओळ ५

फेडरल के-वनवरून थेट एनजे-१०४० भरू नका. न्यू जर्सीचा स्वतःचा कागद आहे, शेड्यूल एनजेके-वन. ज्या फर्मचे न्यू जर्सीत उत्पन्न आहे, किंवा जिचा एक तरी पार्टनर न्यू जर्सीचा रहिवासी आहे, तिने राज्यात एनजे-१०६५ भरून पार्टनरला हा कागद द्यायचा असतो. फर्मचे ऑफिस मॅनहॅटनमध्ये असले आणि नदीच्या अलीकडे एक खुर्चीही नसली, तरी तुम्ही इथे राहता म्हणून तिच्यावर ही जबाबदारी येते.

या कागदाच्या दुसऱ्या भागात पुढच्या ओळी असतात: भागीदारीचे उत्पन्न, निव्वळ गॅरंटीड पेमेंट, पार्टनरची ४०१(के) वर्गणी, भागीदारी उत्पन्नातला हिस्सा, आणि ओळ ५ वर पेन्शन. दुसऱ्या ओळीतल्या ‘निव्वळ’ शब्दात सगळी किल्ली आहे. एकूण गॅरंटीड पेमेंटमधून पेन्शनचा भाग वजा करून उरते ते निव्वळ. वजा झालेली पेन्शन ओळ ५ वर स्वतंत्र उभी राहते.

एनजेके-वन हातात आला की आधी हेच बघा. पूर्ण निवृत्त माणसाच्या कागदावर ओळ ५ भरलेली आणि ओळ २ रिकामी किंवा अगदी छोटी हवी. ओळ ५ रिकामी आणि ओळ २ वर सगळी रक्कम असेल तर फर्मने तुम्हाला काम करणारा पार्टनर धरले आहे. अशा वेळी रिटर्नमध्ये स्वतःच आकडा हलवू नका. राज्याकडे फर्मने दिलेली प्रत असते, तिच्याशी तुमचे रिटर्न जुळले नाही की पत्र येते. फर्मला लेखी कळवा, योजनेचे नाव आणि निवृत्तीची तारीख द्या आणि सुधारित एनजेके-वन मागा. मोठ्या फर्ममध्ये हे काम बाहेरच्या कंपनीकडे असते. एकदा तुमचा शेरा दुरुस्त झाला की पुढच्या वर्षांचे कागद आपोआप नीट येतात, म्हणून पहिल्याच वर्षी पाठपुरावा करणे फायद्याचे.

छोट्या फर्म कधी कधी एनजेके-वन देतच नाहीत. तेव्हा फेडरल के-वनवरून राज्याची ताळमेळ-वर्कशीट भरून आकडे काढायचे आणि फेडरल के-वनची प्रत जोडायची. सोबत फर्मचे पेन्शनबद्दलचे पत्र ठेवा. पेन्शन वेगळी का दाखवली, हे त्याशिवाय कुणाला कळणार नाही.

पायरी ४: रक्कम २०ए वर नेणे

ओळ ५ वरची रक्कम एनजे-१०४० च्या ओळ २०ए वर, इतर पेन्शन आणि आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्याच्या करपात्र रकमेत मिळवून लिहायची. तुम्ही या योजनेत स्वतःच्या खिशातून काही भरले नसेल, तर पूर्ण रक्कम करपात्र पेन्शन धरली जाते.

एनजेके-वनच्या ओळ ४ वर काही असेल, समजा भांडवल पूर्ण परत न झाल्याने व्याजाचा थोडा हिस्सा, तर ते शेड्यूल एनजे-बीयूएस-१ च्या दुसऱ्या भागातून ओळ २१ वर जाते. न्यू जर्सी फर्ममधले व्याज, लाभांश, नफा हे सगळे एकत्र करून भागीदारीचा हिस्सा मानते. फेडरल के-वनमध्ये व्याज वेगळ्या चौकटीत दिसले म्हणून राज्यात ते ओळ १६ए वर टाकू नका, नाहीतर तेच व्याज दोनदा मोजले जाईल.

सॉफ्टवेअरमध्ये नेमके काय होते? तुम्ही फेडरल के-वन भरता, ४ए चा आकडा शेड्यूल ई वर जातो आणि तिथून राज्याच्या बीयूएस-१ वर व ओळ २१ वर येतो. वाटेत कुठेही ‘ही पेन्शन आहे’ असे सांगायची जागा नसते, कारण फेडरल भागाला ती नको असते. बहुतेक प्रोग्रॅममध्ये राज्याच्या भागात भागीदारीसाठी वेगळे एनजेके-वनचे पान असते. तिथे ओळ ५ स्वतः भरावी लागते आणि ओळ २ स्वतः कमी करावी लागते. काहीजण सोपा रस्ता म्हणून खोटा १०९९-आर बनवून रक्कम २०ए वर आणतात. तसे करू नका. त्याने फेडरल रिटर्नमध्ये तीच रक्कम दुसऱ्यांदा शिरते.

भरून झाल्यावर छपाईची प्रत उघडून तीन आकडे डोळ्यांनी तपासा: २०ए मध्ये पेन्शन आहे, २१ मध्ये ती नाही, आणि २७ वरच्या एकूण उत्पन्नात ती एकदाच आहे.

पायरी ५: सूट, म्हणजे या सगळ्या खटाटोपाचे कारण

वर्षाच्या शेवटच्या दिवशी वय ६२ किंवा जास्त असेल, किंवा सोशल सिक्युरिटीच्या निकषाने अपंगत्व असेल, आणि ओळ २७ चे एकूण उत्पन्न १,५०,००० डॉलरच्या आत असेल, तर ओळ २८ए वर पेन्शनची सूट मिळते. एकूण उत्पन्न १,००,००० पर्यंत असेल तर संयुक्त रिटर्नला १,००,००० पर्यंतची, एकट्याला ७५,००० पर्यंतची आणि विवाहित पण वेगळे भरणाऱ्याला ५०,००० पर्यंतची पेन्शन पूर्ण वगळता येते.

२०२१ सालापासून त्यापुढे उतरते टप्पे आहेत. एकूण उत्पन्न १,००,००१ ते १,२५,००० असेल तर पेन्शनचा संयुक्त रिटर्नमध्ये ५० टक्के, एकट्याला ३७.५ टक्के आणि वेगळे भरणाऱ्याला २५ टक्के भाग वगळतात. १,२५,००१ ते १,५०,००० या टप्प्यात हे प्रमाण बरोबर निम्मे होते: २५, १८.७५ आणि १२.५ टक्के.

नवरा-बायकोपैकी एकच बासष्टीच्या पुढे असेल तर सूट मिळते, पण फक्त त्याच व्यक्तीच्या पेन्शनवर. धाकट्या जोडीदाराची पेन्शन किंवा आयआरए तिच्यात मोजता येत नाही.

आता दुसरी सूट, ओळ २८बी ची. पेन्शनच्या सुटीची मर्यादा पूर्ण वापरली गेली नाही, तर उरलेला भाग व्याज, लाभांश अशा इतर उत्पन्नावर वापरता येतो. अट अशी की पगार, धंद्याचा नफा, भागीदारीचा हिस्सा आणि एस-कॉर्पोरेशनचा (जिच्या नफ्यावरचा कर भागधारक भरतात अशा कंपनीचा) हिस्सा यांची बेरीज ३,००० डॉलरपेक्षा जास्त नसावी. चुकून ओळ २१ वर गेलेली पेन्शन इथे दुसऱ्यांदा नडते.

उदाहरण घ्या. दोघेही ६६ वर्षांचे. भागीदारी पेन्शन ६२,०००, आयआरएतून करपात्र १५,०००, व्याज व लाभांश ११,०००. सोशल सिक्युरिटी मिळते, पण न्यू जर्सी तिच्यावर कर लावत नाही आणि ती ओळ २७ मध्ये येतच नाही. एकूण उत्पन्न ८८,०००.

पेन्शन बरोबर ओळीवर असेल तर २०ए वर ७७,०००. ती सगळी २८ए ने वगळली जाते. मर्यादेतले २३,००० उरले आणि ओळ २१ शून्य आहे, म्हणून व्याज-लाभांशाचे ११,००० ही २८बी ने जातात. कर शून्य.

पेन्शन २१ वर असेल तर २०ए वर फक्त १५,००० उरतात, तेवढेच वगळले जातात. भागीदारीचे उत्पन्न ३,००० च्या वर, म्हणून २८बी ची सूट नाही. उरले ७३,०००. दोघांची वैयक्तिक सवलत २,००० आणि ६५ वर्षांवरची २,००० वजा केल्यावर ६९,०००. पहिल्या २०,००० वर १.४ टक्के म्हणजे २८०, पुढच्या ३०,००० वर १.७५ टक्के म्हणजे ५२५, उरलेल्या १९,००० वर २.४५ टक्के म्हणजे ४६५.५०. एकूण १,२७०.५० डॉलर. माणूस तोच, उत्पन्न तेच, ओळ तेवढी चुकली. आणि ही चूक दरवर्षी पुढे नेली जाते, कारण सॉफ्टवेअर मागच्या वर्षीचे रिटर्न आयात करते.

कड्यांजवळ सांभाळून

या टप्प्यांमध्ये उतार नाही, सरळ कडे आहेत. संयुक्त रिटर्न, पेन्शन १,२०,०००, बाकी उत्पन्न ३०,००० असेल तर एकूण बरोबर १,५०,००० आणि ३०,००० ची सूट. व्याजाचा एक डॉलर जास्त आला की सूट शून्य, आणि ५.५२५ टक्के दराने सुमारे १,६५७ डॉलर कर वाढतो. १,००,००० च्या कड्यावर पेन्शनची सूट एका डॉलरने निम्मी होते.

म्हणून डिसेंबरमध्ये ओळ २७ चा अंदाज बांधा. भागीदारी पेन्शन आपल्या हातात नसते, तिची तारीख फर्म ठरवते. हातात असते ते आयआरएतून दरवर्षी सक्तीने काढाव्या लागणाऱ्या रकमेपेक्षा जास्त किती काढायचे आणि शेअर याच वर्षी विकायचे की जानेवारीत. अमेरिकी सरकारी ट्रेझरी रोख्यांचे व्याज न्यू जर्सीत करमुक्त आहे आणि ओळ २७ मध्ये मोजले जात नाही. बँकेच्या सीडीचे, म्हणजे मुदत ठेवीचे, व्याज मोजले जाते. कड्याजवळ असणाऱ्यांना एवढा बदलही पुरतो. दुसरीकडे एक धक्का बसतो: शेअरमधला मागच्या वर्षांचा तोटा न्यू जर्सी पुढे ओढू देत नाही. फेडरल रिटर्नमध्ये नफा शून्यावर आला असला तरी राज्याच्या ओळ १९ वर तो पूर्ण दिसू शकतो आणि कडा ओलांडून नेतो.

भारतातले व्याज, भाडे आणि पेन्शनही ओळ २७ च्या हिशेबात येतात. न्यू जर्सीच्या रहिवाशाचे उत्पन्न कुठल्याही देशातले असले तरी ते राज्याच्या कक्षेत येते. भारतात भरलेल्या कराची वजावट फेडरल रिटर्नमध्ये मागता येते, न्यू जर्सीत नाही. इथे वजावट फक्त अमेरिकेतल्या इतर राज्यांना किंवा त्यांच्या स्थानिक संस्थांना दिलेल्या कराची मिळते.

फर्म न्यूयॉर्कची, घर न्यू जर्सीत

नोकरीच्या वर्षांत हिशेब ठरलेला असतो: न्यूयॉर्कला अनिवासी म्हणून आयटी-२०३ वर कर भरायचा आणि त्याची वजावट न्यू जर्सीच्या शेड्यूल एनजे-सीओजे वर घ्यायची. निवृत्तीनंतरही काहीजण सवयीने हाच मार्ग चालू ठेवतात आणि दोन्हीकडून नुकसान करून घेतात.

१९९६ च्या फेडरल सार्वजनिक कायदा १०४-९५ ने राज्यांना अनिवासी व्यक्तीच्या निवृत्ती उत्पन्नावर कर लावायला मनाई केली. निवृत्त पार्टनरची पेन्शन त्यात बसते का, यावर वाद राहिला. तो ऑगस्ट २००६ च्या कायदा १०९-२६४ ने मिटवला आणि ही दुरुस्ती ३१ डिसेंबर १९९५ नंतर मिळालेल्या रकमांना मागे जाऊन लागू केली. अटी अशा: योजना लेखी हवी, रक्कम पूर्वीच्या सेवेबद्दल हवी, ती साधारण समान हप्त्यांत वर्षातून किमान एकदा मिळावी, आणि आयुष्यभर, आयुर्मानाच्या अंदाजाइतकी किंवा किमान १० वर्षे चालावी. महागाईप्रमाणे हप्ता वाढला, किंवा फर्मने सर्व पेन्शनवर आधी ठरलेल्या सूत्राने मर्यादा घातली म्हणून कमी झाला, तरी ‘साधारण समान’ ही अट मोडत नाही.

पाच वर्षांत पेन्शन संपवणारी योजना या संरक्षणात बसत नाही. एकरकमी घेतलेली रक्कमही नाही. फर्मने निवृत्तीच्या वेळी ‘दरमहा की एकदम’ असा पर्याय दिला असेल तर निवड करण्याआधी हा फरक मोजा.

अटी पूर्ण होत असतील तर न्यूयॉर्कला पेन्शनवर काही द्यायचे नाही. फर्मने आयटी-२०४-आयपी, म्हणजे न्यूयॉर्कच्या के-वनवर, ती न्यूयॉर्कचे उत्पन्न म्हणून दाखवली असेल तर दुरुस्ती मागा. आयटी-२६५८ ने तुमच्या नावे आगाऊ कर भरला असेल तर आयटी-२०३ भरून तो परत मागा. तो तसाच सोडून न्यू जर्सीत वजावट घ्यायला गेलात तर ती टिकणार नाही. दुसऱ्या राज्याने चुकून घेतलेल्या कराची भरपाई न्यू जर्सी करत नाही, तो त्या राज्याकडूनच परत मिळवावा लागतो.

उलट बाजूही याच कायद्याची. न्यू जर्सी सोडून फ्लोरिडात, टेक्ससात किंवा पुण्याला कायमचे गेलात तर न्यू जर्सीला त्या पेन्शनवर हात ठेवता येत नाही. मात्र निवास खरोखर बदललेला हवा. एडिसनचे घर, मतदार नोंदणी, वाहन परवाना जागच्या जागी ठेवून वर्षातले सात महिने पुण्यात राहणे म्हणजे निवास बदलणे नव्हे. ज्या वर्षी सोडलेत त्या वर्षी अंशकालीन रहिवाशाचे रिटर्न भरायचे. सुटीची मर्यादा महिन्यांच्या प्रमाणात कमी होते, पण १,५०,००० ची कसोटी पूर्ण वर्षाच्या उत्पन्नावर लागते. भारत-अमेरिका कर कराराचा आधार राज्याच्या कराला घेता येत नाही, तो करार केंद्राच्या आयकराबद्दल आहे.

स्वतः न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्या निवृत्त पार्टनरसाठी चित्र निराळे आहे. तिथली साडेएकोणसाठ वर्षांनंतरची २०,००० डॉलरची पेन्शन-सूट मालक-नोकर नात्यातून आलेल्या, किंवा वजावट मिळालेल्या वर्गणीच्या योजनेतून आलेल्या पेन्शनसाठी आहे. फर्म स्वतःच्या तिजोरीतून देते ती भागीदारी पेन्शन या दोन्हींत बसत नाही. कीओतले पैसे बसतात. इलिनॉयमध्ये अगदी उलट: १४०२(ए)(१०) च्या अटी पाळणारी निवृत्त पार्टनरची पेन्शन आयएल-१०४० च्या ओळ ५ वर पूर्ण वजा होते. म्हणून शिकागोकडच्या निवृत्त पार्टनरसाठी के-वनची चौकट १४ रिकामी असणे दुप्पट मोलाचे.

आगाऊ कर आणि तारखा

के-वनवरच्या पेन्शनमधून सहसा काही कापले जात नाही. वर्षाअखेर राज्याला ४०० डॉलरपेक्षा जास्त देणे निघणार असेल तर एनजे-१०४०-ईएस ने चार हप्ते भरावे लागतात: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षी १५ जानेवारी. या वर्षीच्या कराचे ८० टक्के वेळेत गेले असतील तर दंड नाही.

निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष यात फसवे असते. पार्टनर असताना फर्म बऱ्याचदा तुमच्या वतीने राज्याराज्यांत कर भरत असते. ते थांबते, आणि कुणी तसे कळवत नाही.

एनजेके-वन एप्रिलपर्यंत आला नाही तर घाईने अंदाजाचे आकडे भरू नका. १५ एप्रिलपर्यंत ८० टक्के कर भरून मुदतवाढ घ्या, ती १५ ऑक्टोबरपर्यंत मिळते. फर्मची स्वतःची मुदतवाढ सप्टेंबरात संपते, त्यामुळे कागद त्याआधी हातात यायला हवा.

जुन्या वर्षांतली चूक

मागची रिटर्न काढून ओळ २०ए आणि २१ पाहा. पेन्शन २१ वर गेली असेल तर एनजे-१०४०-एक्स भरून परतावा मागता येतो. मुदत मूळ रिटर्न भरल्यापासून ३ वर्षे किंवा कर भरल्यापासून २ वर्षे, यांतली जी नंतर येईल ती. सर्वांत जुन्या वर्षापासून सुरुवात करा, कारण मुदत त्याचीच आधी संपते. प्रत्येक वर्षासाठी वेगळा फॉर्म, आणि सोबत त्या वर्षाचा एनजेके-वन, फर्मचे पेन्शन योजनेबद्दलचे पत्र व २०ए, २१, २८ए, २८बी या चार ओळींचे जुने-नवे आकडे असलेला एक साधा कागद जोडा. एनजेके-वनवर ओळ ५ पहिल्यापासून बरोबर असेल तर काम सोपे आहे. ती रिकामी असेल तर आधी फर्मकडून त्या वर्षाचा सुधारित कागद घ्या, मगच एक्स पाठवा. मुदत संपत आली असेल तर एक्स वेळेत पाठवून द्या आणि सुधारित कागद मागितल्याच्या पत्राची प्रत सोबत ठेवा.